स्थानिक कारभाराचे लेखापरीक्षण (नागपूर)

महापालिका, नगर परिषद, जिल्हा परिषद वा ग्रामपंचायत यांनी जनतेचा पैसा कसा खर्च केला आणि त्यातून ठरलेले काम उभे राहिले का, याची त्या संस्थेच्या हुकमतीबाहेरच्या यंत्रणेने केलेली तपासणी म्हणजे स्वतंत्र लेखापरीक्षण. सरकारी भाषेत ‘अंकेक्षण’ हाही शब्द चालतो. बोलताना मात्र सगळे ‘ऑडिट’च म्हणतात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या लेखापरीक्षणाची तरतूद करण्याचे काम राज्य विधिमंडळांकडे दिले.

नागपुरात नगरपालिका 1864 पासून, तर महापालिका 1951 पासून आहे. तिचा कारभार दीर्घकाळ नागपूरपुरत्या केलेल्या 1948 च्या वेगळ्या कायद्याने चाले. तो रद्द झाल्यावर शहर राज्याच्या सामाईक महानगरपालिका अधिनियमाखाली आले. या अधिनियमात मुख्य लेखापरीक्षक हे पद आहे. दर आठवड्याला हिशेब तपासून त्याने स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो. खर्चाचे मोठे प्रस्ताव मंजूर करते तीच स्थायी समिती, आणि लेखापरीक्षकाचा पगार निघतो महापालिकेच्याच तिजोरीतून. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा समितीचे अधिकारही आयुक्तांकडेच गेले. म्हणजे खर्च करणाऱ्याचा हिशेब खर्च करणाऱ्याच्याच टेबलावर. अशा व्यवस्थेला अंतर्गत तपासणी म्हणता येईल. स्वतंत्र म्हणणे अवघड आहे.

बाहेरची नजर दोन ठिकाणांहून येते. जिल्हा परिषद, पंचायत समित्या आणि काटोल, उमरेड, कामठीसारख्या नगर परिषदा यांचे हिशेब राज्याच्या वित्त विभागाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा तपासते. तिचा मूळ कायदा 1930 चा. दुसरी नजर देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची, म्हणजे ‘कॅग’ची. त्यांचे नागपूर कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. गावात त्याला ‘एजी ऑफिस’ (अकाउंटंट जनरल, म्हणजे महालेखाकारांचे कार्यालय) म्हणतात. विदर्भ आणि मराठवाड्याचे 19 जिल्हे दीर्घकाळ याच कार्यालयाच्या कक्षेत होते. त्यांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि पुढे आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातात. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथे भरते, त्यामुळे असा एखादा अहवाल कधी कधी एजी ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरच्या विधान भवनात सादर होतो.

प्रत्यक्ष कामाचा गाभा म्हणजे ‘पॅरा’. तपासनीस नस्ती (फाइल), देयके (बिले), निविदेची कागदपत्रे आणि झालेल्या कामाची मापे नोंदवलेली मोजमाप पुस्तिका (बोलीभाषेत ‘एमबी’) मागवतो. रस्त्याची जाडी एमबीत एक आणि अंदाजपत्रकात दुसरी निघाली, तर आक्षेप लिहिला जातो. तोच पॅरा. वसूलपात्र रक्कम असेल तर ती नमूद होते. मग विभागाने अनुपालन अहवाल, म्हणजे आक्षेपावर काय केले याचे उत्तर, पाठवायचा, तो पटला तर पॅरा वगळायचा. खरी गोम इथे आहे. अनुपालन येत नाही, अधिकाऱ्याची बदली होते, नस्ती ‘सापडत नाही’, आणि पॅरा वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. पॅरा निघाला म्हणून कारकून धास्तावतो. कंत्राटदार सहसा नाही. डिसेंबर 2021 मध्ये महापालिकेच्या आरोग्य विभागातील स्टेशनरी प्रकरण गाजले. साहित्य न पुरवताच सुमारे 67 लाखांची देयके निघाल्याचा आरोप होता. असे देयक मंजूर होण्याआधी कागद अनेक टेबलांवरून जातो, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

हिशेबाची तपासणी आणि कामगिरीची तपासणी या मात्र वेगळ्या गोष्टी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकावर बोट ठेवले गेले. स्मारकाची प्रत्येक पावती चोख असू शकते. ते पाण्याच्या वाटेत बांधावे का, हा प्रश्न पावत्यांच्या तपासणीत येतच नाही. तो विचारला पूरग्रस्त रहिवाशांनी, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका करून. पुढे विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. नागपुरात कामगिरीचे लेखापरीक्षण बऱ्याचदा असे खंडपीठाच्या दारातून होते. तेही नुकसान झाल्यावर.

नागरिकांच्या हाती कागद मिळवण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने त्याचा कायदा केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधी, 2002 मध्येच केला होता. अपील ऐकायला राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरात आहे. गावपातळीवर रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेत, हजेरीपटाच्या जाहीर वाचनाने करण्याची तरतूद झाली. शहरासाठी महापालिका कायद्यांतील 2009 च्या दुरुस्तीने मतदारांच्या क्षेत्रसभा सुचवल्या. पण लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंतच्या महापालिकेच्या दहा झोनमध्ये अजूनही तक्रारी नगरसेवकाच्या घरी किंवा झोन कार्यालयाच्या खिडकीवरच नोंदवल्या जातात.