कोळशाचा पैसा, शांततेची खुर्ची आणि कारसाहेब

कुठल्याही युनिव्हर्सिटीतलं पॉलिटिक्स आणि इंटरनॅशनल स्टडीजचं डिपार्टमेंट घ्या, आज गेस्ट लेक्चर, उद्या सेमिनार, परवा कुणाला तरी ग्रँट मिळाली म्हणून ग्रुप फोटो, हे बारा महिने चालू असतं. पण आंतरराष्ट्रीय राजकारण हा विषय वेगळा काढून शिकवायचा ही टूम निघाली कुठून? तर वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथ नावाच्या छोट्याशा गावातून, १९१९ साली. या विषयाचं जगातलं पहिलं डिपार्टमेंट ते हेच.

पैसा आला कोळशातून. डेव्हिड डेव्हिस हा खासदार, आजोबांनी खाणी, रेल्वे आणि बॅरीचं बंदर उभं केलेलं, त्यामुळे घरात पैशाला तोटा नाही, पण हा गडी स्वतः फ्रान्समध्ये पलटण घेऊन लढून आलेला आणि तिथलं बघून हादरलेला. त्याच्या दोन बहिणी, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट, युद्धात फ्रान्समध्ये सैनिकांसाठी कँटीन चालवत होत्या (याच बहिणींनी घेतलेली मोने-रेन्वारची चित्रं आज कार्डिफच्या म्युझियममध्ये आहेत). ॲबरिस्टविथच्या कॉलेजची जी पोरं युद्धात गेली त्यांच्या आठवणीसाठी या भावंडांनी २०,००० पौंड दिले, आणि त्यातून प्रोफेसरची जागा तयार झाली, जिला पुढे अमेरिकेचा अध्यक्ष वुड्रो विल्सन याचं नाव मिळालं. देश एकमेकांशी का भांडतात हे नीट शिकवलं तर पुन्हा युद्ध होणार नाही, असा सरळ हिशोब.

पहिला प्रोफेसर आल्फ्रेड झिमर्न, मूळचा ग्रीक इतिहासाचा माणूस. दोनच वर्षं टिकला, कारण कॉलेजातल्याच एका प्रोफेसरच्या बायकोशी त्याचं जुळलं, गाव लहान, बोंबाबोंब झाली, १९२१ ला गेला आणि तिच्याशीच लग्न केलं.

खरी गंमत १९३६ ची. डेव्हिस तोवर लॉर्ड झालेला, राष्ट्रसंघाच्या (म्हणजे तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सच्या) हाताखाली आंतरराष्ट्रीय पोलीस दल हवं म्हणून जिथे तिथे सांगत फिरायचा, आणि निवड समितीने त्याच्या पसंतीचा उमेदवार बाजूला ठेवून ई. एच. कारला घेतलं. आपल्याकडे इतिहासवाल्यांना माहीत असलेला, 'व्हॉट इज हिस्टरी?'वाला कार तो हाच. वीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढलेला माणूस, त्याला स्वप्नबिप्न मान्य नव्हतं. त्याचं 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' १९३९ चं, प्रुफं हातात असतानाच दुसरं महायुद्ध पेटलं. त्यात त्याने सत्ता-ताकद बाजूला ठेवून शांततेच्या गप्पा मारणाऱ्यांना 'युटोपियन', म्हणजे स्वप्नाळू, म्हणून धू धू धुतलंय, म्हणजे ज्याने खुर्चीला पैसे दिले त्याचीच विचारसरणी त्या खुर्चीत बसून मोडीत काढली! वर युद्धात हा 'द टाइम्स'मध्ये असिस्टंट एडिटर, अग्रलेख लिहितोय आणि प्रोफेसरकीही चालू. डेव्हिसने त्याला हटवायची खटपट केली, जमलं नाही. माझं मत विचाराल तर कार बरोबर होता, पण डेव्हिसबद्दल वाईट वाटतंच. १९३८ ला त्याने कार्डिफमध्ये 'टेंपल ऑफ पीस' बांधलं, उद्घाटन केलं मिनी जेम्स या बाईने, जिची तीन मुलं पहिल्या युद्धात गेली होती. वर्षभरात पुन्हा युद्ध. डेव्हिस जून १९४४ मध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा थोरला मुलगा लढाईत मारला गेला.

आपल्याकडे हा विषय १९५५ ला दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज म्हणून आला. त्यामागे होते हृदयनाथ कुंझरू, म्हणजे गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. १९७० ला ते स्कूल जेएनयूत गेलं.

आणि कार? १९४७ ला त्यालाही ॲबरिस्टविथ सोडावं लागलं, कारण अगदी झिमर्नचंच, सहकाऱ्याची बायको. तरी पुढे डिपार्टमेंटने त्याच्या नावाने लेक्चर सुरू केलं आणि विल्सनच्या खुर्चीशेजारी एक कारच्या नावाची खुर्चीही मांडली.