विमानातून सुटलेला थेंब

सांगलीहून तासगावच्या वाटेवर कवलापूर आहे. इथली जुनी धावपट्टी कैक वर्षं विमानाविना पडून आहे. परवा तिच्यापासून थोड्याच अंतरावर उसाच्या बांधावर उभा होतो. ड्रोनवाल्या पोरानं दहा लिटरची टाकी भरली, चिमूटभर माती वर उधळली आणि म्हणाला, “अण्णा, वारं फिरलंय. पलीकडं द्राक्षबाग हाय. थांबू जरा.”

त्या चिमूटभर मातीत हवाई फवारणीचा सगळा इतिहास आहे.

3 ऑगस्ट 1921 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॉन मॅक्रेडी या वैमानिकानं कॅटाल्पाच्या झाडांवर विमानातून शिशाच्या आर्सेनेटची भुकटी टाकली. सहा एकरांतल्या अळ्यांवर विष पडायला मिनिटभरही लागलं नाही. मग कापसावर विमानं फिरू लागली. न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांत तर खत टाकायला शेतोशेती छोट्या धावपट्ट्या झाल्या, त्यातल्या कित्येक आज गवताखाली आहेत. आपल्याकडं हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं खास शेतीसाठी ‘बसंत’ विमान बनवलं. ते 1972 मध्ये पहिल्यांदा उडालं, पण अशी जेमतेम 39 विमानं झाली.

खरी अडचण थेंबाची आहे. माणसाच्या केसाएवढ्या जाडीचा, म्हणजे 100 मायक्रॉनचा थेंब तीन मीटरवरून खाली यायला साधारण 12 सेकंद घेतो. ताशी 10 किलोमीटरचं वारं असलं, तर तेवढ्यात तो शंभरेक फूट सरकतो. आपल्याकडं शंभर फुटांवर बहुतेकदा दुसऱ्याचं रान सुरू होतं. थेंब 10 मायक्रॉनचा असेल तर त्याला स्थिर हवेतही सोळा-सतरा मिनिटं लागतील. खरं तर त्यातलं पाणी वाटेतच उडून जातं आणि उरलेला औषधाचा कण आणखी हलका होऊन भरकटतो. शिवाय एका मोठ्या थेंबातून असे हजार बारीक थेंब होतात. फवारा जितका बारीक, तितकं पान चांगलं झाकलं जातं आणि तितकंच औषध हातचं जातं.

विमानाच्या पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे उठतात, ते थेंब वर खेचतात. म्हणून फवारणीची नळी पंखापेक्षा आखूड ठेवतात. तरी वारं आपलं काम करतंच. उसातलं तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी वाऱ्यावर शेजारच्या द्राक्षावर गेलं, तर कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात. एकाच शिवारात ऊस आणि द्राक्ष असलेल्या आपल्या भागात यावरून बांधाबांधावर भांडणं होऊ शकतात.

दुसरी अडचण पानाच्या खालच्या बाजूची. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. पानाखाली पांढऱ्या मेणकट लोकरीचा थर, त्याच्या चिकट स्रावावर काळी काजळी. मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते. डोक्यावरून गेलेल्या उसात माणूस पंप घेऊन शिरणार कसा? आणि वरून टाकलेलं औषध पानाच्या वरच पडणार, किडा खाली. त्यातून मेणावर पाणी ठरत नाही. शेवटी उपयोगी पडले ते डायफा आणि मायक्रोमस हे मावाखाऊ कीटक. डायफाच्या अळ्या असलेली पानं कापून दुसऱ्या फडात नेली गेली. मला हे त्या सगळ्या विमानांपेक्षा मोठं वाटतं.

ड्रोन पिकापासून दोन-तीन मीटरवरच उडतो, त्याच्या पात्यांचं वारं थेंबांना खाली रेटतं, पानं हलवतं. काही औषध पानाखालीही पोचतं. उडायला बाजेएवढी जागा पुरते. पण थेंबाचे नियम त्यालाही तेच आहेत. अगदी पान न हलणारी पहाट फवारणीला उत्तम वाटते, पण तेव्हा जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थर बसलेला असतो आणि बारीक थेंब त्या थंड हवेत तासन्‌तास तरंगत राहून हळूहळू भलतीकडं जातात. थोडं वारं हवं, तेही बागेकडून उसाकडं.

पोरानं तीनदा माती उधळली. तिसऱ्यांदा ती उसाकडं गेली, तेव्हा त्यानं टाकीचं झाकण पुन्हा तपासलं आणि रिमोट हातात घेतला.