पायाच्या बोटांचे निखळलेले सांधे : शस्त्रक्रिया

मार लागून पायाच्या बोटाचे हाड सांध्यातून सुटते व बहुतेक वेळा वरच्या बाजूला सरकते, त्याला बोट निखळणे म्हणतात. बेळगाव-खानापूरकडे ‘बोट उतरलं’ असेही म्हणतात. भातलावणीच्या चिखलात पाय रुतणे, तालमीतली झटापट, चपला घालून चालवलेल्या मोटारसायकलचा अपघात ही नेहमीची कारणे. जखम नसेल तर एक्स-रे काढून, बोट बधिर करून ते जागेवर बसवतात आणि शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतात. बहुतेकांचे एवढ्यावर भागते.

शस्त्रक्रियेची पाळी मुख्यतः अंगठ्यावर येते. त्याच्या बुडाच्या सांध्याखाली जाड तंतुमय पट्टी असते आणि तिच्यात दोन छोटी सेसमॉइड हाडे. ही पट्टी अखंड राहून सांध्याच्या वर चढली, की तळपायाच्या लांब हाडाचे डोके स्नायुबंधांच्या फासात अडकते. दाव्याची सरकगाठ ओढून सुटत नाही, तसेच हे. ओढावे तेवढा फास घट्ट होतो. हाडवैद्याने दोनतीनदा हिसके दिलेला अंगठा म्हणूनच जास्त अवघड होऊन दवाखान्यात येतो. अस्थिशल्यविशारद जास (Jahss) यांनी १९८० मध्ये या सांध्याच्या निखळण्याचे वर्गीकरण केले. त्यात अखंड पट्टीचा हा पहिला प्रकार. दुसऱ्यात सेसमॉइडांमधला बंध तुटतो किंवा त्यांतले एक हाड मोडते आणि सांधा सहसा न कापता बसतो.

अंगठ्याच्या पुढच्या सांध्यात फसगत वेगळी. ओढल्यावर बोट सरळ दिसते, घरचे निर्धास्त होतात. पण ते किंचित लांबलेले असते आणि वाकत नाही. पट्टी, काहींच्या बाबतीत तिच्यातले बारके हाडही, सांध्याच्या फटीत अडकलेले असते. एक्स-रेत फट रुंद दिसते.

शस्त्रक्रियेत बहुधा वरून छेद घेतात, स्नायुबंध बाजूला सारतात आणि अडकलेली पट्टी बोथट हत्याराने उचलून खाली ढकलतात. गरज पडल्यास तिला उभी चीर देतात. मग सांधा जवळजवळ आपणहून बसतो. तरीही तो डळमळत असेल तर बारीक तार घालून ठेवतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात. तारेचे टोक बाहेर असते, ते कोरडे ठेवावे लागते. पावसाळ्यात खानापूरच्या शेतकऱ्याला हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. उघड्या जखमेत माती गेली असेल तर भरपूर धुणे, धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविके आधी.

बायकांच्या बाबतीत जोडवी विसरू नयेत. सूज चढायच्या आत ती काढावीत, न निघाल्यास कापावीत. नाहीतर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सौभाग्यलेणे कापायला घरचे कचरतात, म्हणून हे आधी आणि त्यांच्याच भाषेत समजावावे. सीमाभागात संमतीपत्र कन्नड वा इंग्रजीत आणि रुग्ण मराठी, असा प्रसंग नवा नाही.

पुढे सांधा आखडणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. काहींना झीजही होते. चालू लागल्यावर सुरुवातीला कडक तळव्याचा बंद बूट देतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या आठ जिल्ह्यांत बेळगावही आहे, पण तिच्या अंगठ्यात बोट घालून पाऊल उचलायला काही आठवडे थांबावे लागते.