सर्पगंधा, खाजकुइली आणि कार्लसनचे ससे

पावसाळा सरला की येऊरच्या झाडोऱ्यात खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. तिची लव अंगाला लागली की काय होतं, हे ठाण्याच्या पोरांना सांगावं लागत नाही. तिच्या बियांत मात्र लेव्होडोपा असतं. कंपवाताच्या रुग्णांना गोळीतून देतात तेच. हे १९३७ पासून माहीत होतं, पण त्याचं मेंदूतलं काम उलगडायला आणखी वीस वर्षं गेली.

ते उलगडलं अर्विद कार्लसन या स्वीडिश संशोधकाने, आणि तेही आपल्याकडच्याच दुसऱ्या वनस्पतीमुळे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला होता. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. कार्लसननी ते सशांना टोचलं तेव्हा ससे जागचे हलेनात. मग लेव्होडोपा दिलं, तर थोड्याच वेळात हिंडू लागले! रेसरपीनने संपलेलं डोपामीन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, लेव्होडोपापासून पुन्हा तयार झालं होतं. तोवर डोपामीन म्हणजे नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा निव्वळ कच्चा माल, अशी समजूत होती. १९६० साली लंडनच्या परिषदेत बड्या मंडळींना डोपामीन स्वतःच निरोप्या आहे हे कार्लसनचं म्हणणं पटलं नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात होर्निकिविझ या संशोधकांना कंपवाताने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचा खडखडाट आढळला. नोबेल मात्र २००० साली कार्लसनना मिळालं, होर्निकिविझना नाही. ते अनेक मेंदूतज्ज्ञांना खटकलं, मलाही खटकतं.

सशांपेक्षा मला कार्लसन यांचा १९६३ चा उंदरांवरचा प्रयोग अधिक भावतो. स्किझोफ्रेनियावरची औषधं दिल्यावर मेंदूतलं डोपामीन कमी झालं नाही, उलट ते वापरलं गेल्यावर उरणारे पदार्थ वाढले. कार्लसननी ताडलं की औषध पुढच्या पेशीवरचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, अडवून धरतंय. निरोप पोचत नाही म्हणून मागची पेशी आणखी डोपामीन सोडतेय. ठाणे स्टेशनात लोकलच्या दारात एखादा उभा असतो, स्वतः उतरत नाही आणि दुसऱ्याला चढू देत नाही, तसं हे औषध. गंमत म्हणजे तेव्हा डोपामीनचे ग्राही कुणी प्रयोगशाळेत पकडलेलेही नव्हते.

या औषधांनी काही रुग्णांचे हात कंपवातासारखे का थरथरतात, तेही यातून कळतं. डोपामीन आहे, पण त्याची जागा अडलेली. चक्कर येते म्हणून घरातली वडीलधारी मंडळी महिनोन् महिने घेत राहतात त्या सिनॅरिझिनचा आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचाही असाच परिणाम होऊ शकतो. त्यामुळे आजोबांची चाल अचानक मंदावली, तर कंपवाताचा शिक्का मारण्याआधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. अशी गोळी डॉक्टरांनी बंद केल्यावर बऱ्याच जणांची थरथर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. आणि येऊरच्या बिया दळून खाण्याचा बेत असेल, तर तो सोडावा: कुठल्या बीत किती लेव्होडोपा आहे याचा भरवसा नाही, आणि गोळीच्या जोडीला ते जास्त झालं तर हातपाय आपोआप वळवळू लागतात.