फरशीचा तडा आणि दगडाची भुकटी

आमच्या गोव्याच्या घरी बलकावातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, शहाबादी फरशीला जुना तडा आहे. त्यात कुणीतरी पांढरं सिमेंट भरलंय. पावसाची झड आली की फरशी काळपट होते आणि ती रेघ तेवढी पांढरीफटक राहते. लहानपणी आम्ही तिला नदी म्हणायचो.

गोव्याचा घरचा दगड म्हणजे जांभा. चिरे काढून भिंत उभारायला उत्तम, पण सच्छिद्र; घोटून गुळगुळीत व्हायचा नाही. त्यामुळे पायाखालचा दगड बाहेरून आला: शहाबादी कलबुर्गीकडून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीतला बेसाल्टसुद्धा वसईहून आणलेला. इतक्या लांबून आलेला दगड तडकला म्हणून कोण टाकून देणार?

सांधायला पूर्वी चुना होता. कोकणपट्टीत तो शिंपले भाजूनही करत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि शेवटी त्याचं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं मूळ खनिज, होतं. शहाबादी आणि संगमरवर मुळात तेच, म्हणजे भरण आणि फरशी एका गोत्राची. मात्र चुना मऊ, लवकर झिजतो. संगमरवराच्या बारीक कामाला लाख किंवा राळ वितळवून त्यात दगडाची भुकटी कालवत.

मग सिमेंट आलं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये घेतलं. बांधकामाला ते वरदान असेल, फरशीच्या तड्याला नाही: रंग जुळत नाही, आणि त्यातले क्षार ओलीबरोबर वर येऊन पांढरे फुलतात.

खरा फरक एपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने, पडला. 1930 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान यांनी त्यावर काम केलं, 1946 मध्ये अ‍ॅराल्डाइट हा एपॉक्सीचा गोंद बाजारात आला. तडा डोळ्यांत भरतो तो आतल्या हवेमुळे, कारण तिथे प्रकाश विखुरतो. एपॉक्सीचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण 1.5 च्या वर, कॅल्साइटच्या जवळपास. हवेच्या जागी ते भरलं की अर्धा तडा तिथेच नाहीसा होतो. उरलेलं काम भुकटीचं. चिकटवणारा पदार्थ बदलत गेला, त्याच दगडाची भुकटी मिसळायची रीत टिकली.

गंमत अशी की तडा दिसेनासा करायचा हा नियम जुन्या वास्तूंना लागू नाही. वास्तूंच्या जतनाविषयीचा 1964 चा व्हेनिस जाहीरनामा सांगतो की नव्याने घातलेला भाग मूळ वास्तूशी मिळताजुळता असावा, पण ओळखूही यावा. घरात मात्र तो मुळीच ओळखू येऊ नये, ही अपेक्षा.

त्यासाठी फरशीच्या मागच्या बाजूची किंवा उरलेल्या तुकड्याची भुकटी घ्यायची आणि रंग ओल्या दगडाशी जुळवायचा, कारण एपॉक्सीत भुकटी गडद होते. भरण किंचित उंच ठेवून सुकल्यावर पात्याने तासायचं, मग घोटायचं. उन्हात एपॉक्सी पिवळं पडतं, तेव्हा अंगणात त्याचा भरवसा नको.

आमची नदी आधी खरवडून काढावी लागेल. तेही दसऱ्यानंतर; ओल्या दगडाला एपॉक्सी नीट धरत नाही.