मोटर रेसिंगची माध्यम-अधिस्वीकृती : संपादकांच्या पत्राविषयी ग्राहकांना निवेदन

अधिस्वीकृती, म्हणजे शर्यतीचे वार्तांकन करण्याची अधिकृत परवानगी, मिळवण्यासाठीच्या अर्जाची कागदपत्रे आम्ही तयार करतो आणि तपासतो. त्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक पत्रकार आणि छायाचित्रकार या क्षेत्रात मुरलेले आहेत. त्यामुळे अर्जाची मुदत शर्यतीच्या बरीच आधी संपते, किंवा एका शर्यतीचा पास आणि संपूर्ण हंगामाची अधिस्वीकृती या वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे पुन्हा सांगत नाही. "आमचा अर्ज तुम्ही अडवून का ठेवता?" असे मात्र आम्हाला वारंवार विचारले जाते, आणि त्याचे कारण जवळजवळ दर वेळी एकच निघते, ते म्हणजे संपादकांचे पत्र.

आमच्या हाती पडणाऱ्या पत्रात सहसा एवढाच मजकूर असतो : "सदर व्यक्ती आमची प्रतिनिधी असून तिला सर्वतोपरी सहकार्य करावे, ही विनंती." याला शिफारसपत्र म्हणता येईल, नेमणूकपत्र नव्हे. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळायला हवे की, या व्यक्तीला नेमक्या कोणत्या शर्यतीसाठी, कोणत्या तारखांना, वार्ताहर म्हणून की छायाचित्रकार म्हणून पाठवले जात आहे आणि तिचे काम कोठे प्रसिद्ध होणार आहे. पत्र लेटरहेडवर, ताज्या तारखेचे आणि संपादकांच्या सहीशिक्क्याचे असावे. स्वतःच्या पोर्टलसाठी स्वतःच सही करून केलेली स्वतःची नेमणूक सहसा ग्राह्य धरली जात नाही. मुक्त पत्रकारांनी ज्या प्रकाशनासाठी काम करणार त्याचेच पत्र आणावे आणि सोबत आपल्या नावानिशी छापून आलेल्या रेसिंगच्या बातम्यांची किंवा छायाचित्रांची कात्रणे जोडावीत. सरकारी अधिस्वीकृती पत्रिका जोडायला हरकत नाही, परंतु ती या पत्राची जागा घेऊ शकत नाही.

नावाचा घोळही याच पत्रातून सुरू होतो. पत्रात लेखनात वापरले जाणारे आटोपशीर नाव, अर्जात आडनाव आधी आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, अशी तीन रूपे एकाच फाइलमध्ये आम्ही नेहमी पाहतो. पास स्वतः हजर राहून, ओळखपत्र दाखवून घ्यायचा असल्याने पासपोर्टवरचेच नाव सर्वत्र असावे. लेखनातले नाव निराळे असल्यास तसा स्पष्ट उल्लेख संपादकांनीच पत्रात करावा.

एवढी काटेकोर छाननी अनाठायी नाही. 2013 मध्ये नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरील जर्मन ग्रां प्रीत चालक मार्क वेबर यांच्या गाडीचे नीट न बसलेले चाक पिट लेनमध्ये, म्हणजे चाके बदलण्यासाठी गाड्या जेथे थांबतात त्या मार्गिकेत, निखळले आणि एका कॅमेरामनला लागून तो जखमी झाला. त्यानंतर एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय नियामक संघटनेने फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत आणि शर्यतीत माध्यमांचा पिट लेनमधील वावर बराच मर्यादित केला. अशा धोक्यामुळेच ट्रॅकच्या कडेला उभे राहण्याची मुभा देणारे टॅबार्ड, म्हणजे क्रमांक घातलेले बिनबाह्यांचे जॅकेट, साध्या पासबरोबर आपोआप मिळत नाही. ते हवे असल्यास पत्रात "छायाचित्रकार" हा शब्द असलाच पाहिजे. स्थिरचित्रांच्या परवानगीत व्हिडिओ येत नाही, हेही संपादकांना आधीच सांगून ठेवावे, कारण चलचित्रणाचे हक्क स्वतंत्रपणे दिलेले असतात.

पत्र निर्दोष झाल्याखेरीज आम्ही अर्ज पुढे पाठवत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. परंतु अपुरा अर्ज परत आला की दुरुस्तीसाठी लागणारा वेळ आमच्या नव्हे, तुमच्या मुदतीतून जातो. पास मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. तो निर्णय सर्वस्वी आयोजकांचा आणि संघटनेचा असतो. आमचे शुल्क कागदपत्रे तयार करण्याचे आणि तपासण्याचे आहे. तेव्हा शर्यत ठरताच प्रथम आमच्याकडून पत्राचा मसुदा मागवून घ्यावा. त्यासाठी आम्ही वेगळे पैसे आकारत नाही, आणि संपादकांकडे एकदाच जावे लागते. शर्यतीनंतर प्रसिद्ध झालेले काम आमच्याकडे पाठवल्यास ते तुमच्या फाइलला लावून ठेवतो, म्हणजे पुढच्या अर्जाच्या वेळी कात्रणे शोधत बसावे लागणार नाही.