आवर घालणाऱ्या पेशी आणि यकृताचा दाह

ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उठते. १९५० साली यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधील अशा दीर्घकालीन यकृतदाहाचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडांची प्रथिने) फार वाढलेले असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडन आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील चाचण्यांत प्रेडनिसोलोनसारख्या दाह दाबणाऱ्या स्टिरॉइडने रुग्ण वाचतात हे सिद्ध झाले. पण औषध थांबवले की बहुतेकांचा आजार उलटतो. म्हणजे हल्ला रोखला जातो, हल्ल्याला आवर घालणारी यंत्रणा मात्र दुरुस्त होत नाही.

ही यंत्रणा कोणती? १९७० मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड गेर्शन आणि काझुनारी कोंडो यांनी 'सप्रेसर', म्हणजे इतरांना दाबून ठेवणाऱ्या, टी पेशींची (टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) कल्पना मांडली. यकृततज्ज्ञांनी ती लगेच उचलली, आणि १९८० च्या दशकात लंडनमधून या रुग्णांत सप्रेसर पेशींचे काम अपुरे पडत असल्याचे निष्कर्ष आले. अडचण एवढीच की या पेशी ओळखायची खात्रीची खूण नव्हती. उंदरांतील ज्या जनुकाशी त्यांचा संबंध जोडला होता, ते १९८३ च्या सुमारास ठरल्या जागी सापडलेच नाही. सगळी कल्पनाच बदनाम झाली.

खूण दिली ती जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी, १९९५ मध्ये: सीडी२५ हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. आवर घालणाऱ्या या पेशींना आता नियामक टी पेशी म्हणतात. निरोगी उंदराच्या टी पेशींतून सीडी२५ असलेल्या काढून उरलेल्या पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या, तर अनेक अवयवांत स्वप्रतिरक्षा आजार उमटले. वगळलेल्या पेशी वेळीच परत दिल्या तर टळले. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ जनुक शोधले; नियामक पेशी घडायला ते लागते. तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले.

यकृताच्या बाबतीत मात्र वाद उरलाच. २००४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाला रुग्णांच्या रक्तात नियामक पेशी कमी आणि दुबळ्या आढळल्या; ही उणीव निदानाच्या वेळी जास्त होती. २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या गटाला त्या संख्येने आणि कामानेही ठीक दिसल्या. मोजणीची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. कोणतीही टी पेशी उद्दीपित झाली की तिच्यावर काही काळ सीडी२५ उमटते, आणि आजार जोरात असताना अशा पेशी रक्तात पुष्कळ असतात. सीडी१२७ (पृष्ठभागावरचे आणखी एक प्रथिन, नियामक पेशींवर ते कमी असते) कमी असलेल्याच पेशी वेगळ्या काढल्या नाहीत, तर हल्लेखोरही नियामकांत मोजले जातात. माणसात उद्दीपित पेशींवर फॉक्सपी३ सुद्धा तात्पुरते येते, म्हणून तेवढ्यावरही भिस्त ठेवता येत नाही.

शिवाय रक्त म्हणजे यकृत नव्हे. दाह असलेल्या यकृतात नियामक पेशी भरपूर सापडतात. आमच्या मते खरी उणीव पोषणाची आहे: त्यांना जगायला इंटरल्युकिन-२ हे पेशींमधले संदेशवाहक प्रथिन लागते, ते त्या स्वतः जवळजवळ तयार करत नाहीत, आणि सुजलेल्या यकृतात ते फारच थोडे असते. म्हणूनच कमी मात्रेतील इंटरल्युकिन-२ चे प्रयोग सुरू झाले. मात्रा वाढली की हल्लेखोर टी पेशी आणि एनके (इतर पेशींना थेट मारणाऱ्या) पेशीही पोसल्या जातात. बर्मिंगहॅममध्ये रुग्णाच्याच नियामक पेशींवर किरणोत्सारी इंडियमची खूण करून त्या शिरेतून परत दिल्या, तेव्हा २२ ते ४४ टक्के यकृतात पोचून ७२ तासांपर्यंत तिथे राहिल्या. पुढे त्या किती टिकतात, हे आता तपासायचे आहे.